रांगेतली तिसरी जागा

टॅलबर्ट गावात नळाला गढूळ पाणी आलं, की लोक नगरपालिकेला फोन करायच्या आधी व्हर्लीन टॉलिव्हरला करत. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तिची चौतीस वर्षं गेली. सकाळी सहाला काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, रंग किती चढतो ते पाहायचं आणि दिसेल तो आकडा वहीत लिहायचा. पुराच्या वर्षी एकदा आकडा वाईट आला. साहेब म्हणाले, "मिस टॉलिव्हर, थोडा कमी लिहा. उगाच गावात घबराट होईल." व्हर्लीनने पेन त्यांच्यापुढे धरलं. "तुम्हीच लिहा साहेब. अक्षर तुमचं राहील." साहेबांनी पेन घेतलं नाही. दुपारपर्यंत गावभर सांगावा गेला, की पाणी उकळून प्या.

तेव्हापासून न्हाव्याच्या दुकानात म्हणा, चर्चच्या पायरीवर म्हणा, वाद पेटला आणि कुणी म्हणालं, "हे मिस व्हर्लीनने सांगितलंय," की वाद तिथेच विझायचा. असं काही कानावर आलं की ती विषय बदलायची. लोकांना वाटायचं, बाई विनयशील आहे. पण तो विनय नव्हता. खोटं न बोलण्याची ही शिस्त तिने स्वतःला नंतर लावून घेतली होती. कशानंतर, ते अलाबामातल्या त्या लहानशा गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिचे वडील लाकडाच्या गिरणीत होते, आई लोकांचे कपडे इस्त्री करायची. सहा भावंडांत कॉलेजची पायरी चढलेली ही एकटीच. टेकडीवरच्या टॅलबर्ट कॉलेजात आमच्या काळ्या माणसांच्या तीन पिढ्या शिकल्या, आणि तिथल्या मुलींचं 'साय रो एटा' हे भगिनीमंडळही तिथलंच. १९२४ साली सहा मुलींनी कॉलेजच्या धोबीखान्यात इस्त्र्या तापत असताना ते काढलं. त्या सहा जणींची नावं मंडळातल्या कुणालाही अर्ध्या झोपेत विचारा, एका दमात सांगेल. मंडळात एकदा घेतलं की मरेपर्यंत तुम्ही एकमेकींच्या 'सोरोर'. म्हणजे बहीणच, फक्त रक्ताची नाही. व्हर्लीनच्या आईने त्या इस्त्रीच्या गोष्टीवर भारी जीव जडवला होता. "माझ्यासारख्याच इस्त्री करत होत्या त्या," असं ती ज्याला त्याला सांगायची.

१९७४ च्या वसंतात व्हर्लीन मंडळात येण्यासाठी उमेदवारांच्या रांगेत उभी राहिली. त्या वर्षी चौघीच होत्या. रांग उंचीने लागते. पुढे डेलोइस क्रम्प, चिमणीएवढी आणि चिमणीइतकीच बोलणारी. दुसरी रुबीनेल हार्डवे, तिसरी ओझेला पिकेट. या दोघी एकाच गल्लीत वाढलेल्या, एकीला ठेच लागली तर दुसरीच्या डोळ्यांत पाणी. आणि शेवटी पाच फूट अकरा इंचांची व्हर्लीन. सहा आठवडे चौघींनी एकसारखे कपडे घालायचे, एकत्र जेवायचं, बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही, आणि चालताना पुढचीच्या खांद्यावर हात ठेवून एका पावलाने चालायचं. व्हर्लीनचा उजवा हात सहा आठवडे ओझेलाच्या खांद्यावर होता. ओझेला हसू दाबायची तेव्हा तो खांदा कसा हलतो, हे तिला पाठ झालं होतं.

आणखी एक नियम होता, सगळ्यांत मोठा. काही चुकलं आणि सीनियर मुलींनी विचारलं, कुणी केलं, तर उत्तर एकच: "आम्ही सगळ्यांनी." नाव घ्यायचं नाही.

ओझेलाचे वडील रेल्वेच्या डब्यात स्वयंपाकी होते. एक रविवार आड त्यांची गाडी टॅलबर्ट स्टेशनात अकरा मिनिटं थांबायची आणि ओझेला त्यांना भेटायला जायची. रांगेत आल्यापासून गेली नव्हती. शेवटच्या रविवारी जेवणानंतर ती म्हणाली, "बाबांना वाटेल मी मेले. अर्ध्या तासात येते. लायब्ररीत बसा तिघी, पुस्तकात डोकं घालून." डेलोइस म्हणाली, "आणि विचारलं तर?" रुबीनेल म्हणाली, "तर सांगू, आम्ही सगळ्या स्टेशनात गेलो होतो आणि डेलोइस इंजिन चालवत होती." खांदे हलले. ओझेला गेली आणि आलीही. येताना पदार्थ आणले. पीचचा मुरंबा भरून तळलेल्या चार करंज्या, अजून गरम. चौघींनी संडासात लपून खाल्ल्या.

कुणा एका सीनियरने एक उमेदवार मुलगी गावातून पळत येताना पाहिली होती, पण लांबून. कोण ते ओळखता आलं नाही. रांग सांभाळणारी सीनियर मार्व्हा हिने चौघींना त्या संध्याकाळी बाकावर बसवलं आणि एकेकीला खोलीत बोलावलं. आधी डेलोइस. ती पाच मिनिटांत रडत बाहेर आली आणि डोळे पुसत हळूच म्हणाली, "आम्ही सगळ्या." मग रुबीनेल. तिला वीस मिनिटं लागली. दारातून मार्व्हाचा आवाज येत होता, रुबीनेलचा येत नव्हता. मग मार्व्हाने व्हर्लीनला बोलावलं.

"शुक्रवारी समारंभ आहे," मार्व्हा म्हणाली. "तुझी आई येणार ना? पांढरा झगा शिवून झाला म्हणे. चर्चमधल्या बायकांनी मिळून शिवला. नाव नाही मिळालं तर चौघीही घरी जाल. झगा काय, पडदे कर त्याचे."

व्हर्लीनने नाव सांगितलं.

मार्व्हा म्हणाली, "शहाणी आहेस. तू सांगितलंस हे कुणाला कळणार नाही." तो शब्द तिने पाळला. ओझेलाला आत बोलावलंच नाही, बाहेर येऊन सर्वांसमोर सांगितलं की तू जा. ओझेला उठली, आणि जाताना तिने रुबीनेलकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. व्हर्लीनला ती नजर समजली, आणि ती मूग गिळून बसली.

रिकामी झालेली जागा भरत नाहीत, आकडे बदलत नाहीत. शुक्रवारी सगळ्या गावापुढे रांग नाचत आली तेव्हा दोन नंबर आणि चार नंबर यांच्यात एका माणसाचं अंतर होतं. व्हर्लीनचा हात रुबीनेलच्या खांद्यापर्यंत पोचत नव्हता. तो तसाच हवेत धरून तिने सबंध नाच केला. पहिल्या बाकावर तिची आई इस्त्रीने भाजलेल्या बोटांनी टाळ्या वाजवत होती.

पुढे जे व्हायचं ते झालं. डेलोइस डेट्रॉइटला गेली. रुबीनेल गावातच शाळेत शिकवू लागली. ओझेलाने कॉलेज सोडलं, वडिलांचं कसब उचललं आणि लग्नामयतांचा स्वयंपाक करू लागली. तिच्या हाताला अशी चव होती, की दर फेब्रुवारीत मंडळाच्या संस्थापिका दिनाचं जेवणही तीच करू लागली. दुसरी कुणी असती तर त्या दारात पाऊल ठेवलं नसतं. ओझेला म्हणायची, "तुमच्या बायका खातात चांगलं, भांडतात कमी. आणखी काय पाहिजे."

संस्थापिका दिनाला सहा मेणबत्त्या लावतात, एकेक नाव घेत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओझेला पाहत असायची आणि तिचे ओठ नावांबरोबर हलायचे. मग सालवार हजेरी. १९७४ ची रांग उभी राहायची. "एक." "दोन." मग तिघींनी एक श्वास गप्प राहायचं. "चार." त्या एका श्वासात खिडकीतली पळी थांबायची.

आणि जेवताना रुबीनेल ताट घेऊन खिडकीशी जायची. "ओझेला, रताळी कशी झालीत?" ओझेला पाठ वळवायची आणि भाचीला पुढे करायची. दरवर्षी. रुबीनेलने विचारणं सोडलं नाही आणि ओझेलाने वळणं सोडलं नाही.

१९९१ साली रुबीनेल एकदा शाळेची पोरं घेऊन पाण्याची टाकी दाखवायला आली. पोरं पुढे गेल्यावर तिने व्हर्लीनला सहज विचारावं तसं विचारलं, "मार्व्हाला कसं कळलं असेल गं तेव्हा?"

व्हर्लीनच्या हातात काचेची नळी होती. ती म्हणाली, "स्टेशनातल्या कुणीतरी सांगितलं असेल."

रुबीनेलने नळीतल्या रंगाकडे पाहिलं. "असेल," म्हणाली, आणि पोरांमागे गेली.

गेल्या ऑक्टोबरात रुबीनेल वारली. मंडळाच्या बायका पांढऱ्या कपड्यांत चर्चला गेल्या, कॅमेलियाची फुलं ठेवली. मयताचं जेवण दुसऱ्या कुणी केलं. ओझेला आली नाही. व्हर्लीनने जेवणाचं ताट तसंच ठेवलं. आजवर तिने मनाशी धरलं होतं, की कधीतरी योग्य वेळ पाहून दोघींना एकत्र बसवू आणि सांगू. आता एकत्र बसवायला दोघी नव्हत्या.

फेब्रुवारीत मंडळाला शंभर वर्षं झाली आणि त्यांच्या रांगेला पन्नास. पन्नाशीच्या सोन्याच्या पिना मिळायच्या होत्या. व्हर्लीन समारंभाच्या तासभर आधी चर्चमागच्या हॉलवर पोचली आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली.

"लवकर आलीस," ओझेला म्हणाली. ती भाजलेल्या कोंबडीचे तुकडे चिमट्याने परातीत लावत होती. "भूक लागली असेल तर पाव घे. कोंबडीला हात लावायचा नाही."

"भूक नाही. बोलायचंय."

"बोल. हात कामात आहेत, कान मोकळे आहेत."

व्हर्लीनने घरून वाक्यं लिहून आणली होती. तो कागद पर्समध्येच राहिला. "चौऱ्याहत्तर साली तुझं नाव मार्व्हाला मी सांगितलं. रुबीनेलने नाही. मी."

चिमटा थांबला नाही. आणखी तीन तुकडे परातीत गेले. मग ओझेला म्हणाली, "परत सांग." व्हर्लीनने परत सांगितलं.

"तू आत किती वेळ होतीस?"

"दोन मिनिटं. तेवढीसुद्धा नसतील."

"रुबीनेल वीस मिनिटं होती. मी घड्याळ बघत बसले होते." ओझेलाने चिमटा खाली ठेवला. "म्हटलं, एवढा वेळ लागतोय म्हणजे सगळं साग्रसंगीत सांगतेय. सांगायला मिनिट पुरतं आणि न सांगायलाच वेळ लागतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

बाहेर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं.

"ती या खिडकीशी यायची," ओझेला म्हणाली. "रताळी कशी झालीत म्हणायची. मी पाठ करायची तिच्याकडे."

"मला माहीत आहे."

"हो, तुला माहीत असणारच. तिच्या मागे ताट घेऊन तूच उभी असायचीस."

"ओझेला, मला माफ—"

"ते आत्ता नको. बाहेर दोनशे माणसं जेवायची आहेत." ती भट्टीकडे वळली, झाकण काढून रताळ्यांत पळी घातली, परत झाकण ठेवलं. "मला सांगून काय उपयोग? मी जे करायचं ते करून बसले. तिच्या पोरीकडे जा. मी तिच्या लग्नाला गेले नाही, रस्त्यात दिसली तर ओळख दिली नाही. आईवरचा राग पोरीवर काढला. कशापायी, ते तिला तुझ्या तोंडून कळू दे."

"जाईन."

"बघू," ओझेला म्हणाली.

हॉलमध्ये कुसुंबी पडदे लावले होते. मंडळाची सध्याची अध्यक्ष टॅमरिन, अडतिशीची हुशार फार्मासिस्ट पोरगी, माइक हातात घेऊन सगळं वेळेवर चालवत होती. सहा मेणबत्त्या लागल्या. वर्षभरात गेलेल्यांसाठी सातवी लागली, तिच्यात रुबीनेलचं नाव आलं. मग हजेरी सुरू झाली. डेट्रॉइटहून आलेली डेलोइस काठीवर रेलून उठली. "एक," म्हणाली. मग रीतीप्रमाणे मेलेल्या बहिणीचंही तिनेच म्हटलं, "दोन, पुढे गेली." मग तो गप्प श्वास.

चारची पाळी आली. व्हर्लीन म्हणाली, "तीन नंबर जिवंत आहे. आत कोंबडी भाजतेय. ती रांगेतून गेली कारण मी तिचं नाव सांगितलं. पन्नास वर्षं दोष रुबीनेलच्या माथी होता. तो माझा होता."

मग मागून एका म्हातारीचा आवाज आला, "आमेन." दुसरीने म्हटलं. आणि मग टाळ्या सुरू झाल्या. बायका उठून उभ्या राहिल्या. कुणी डोळे पुसत होतं. टॅमरिनने येऊन तिला मिठी मारली. "मिस व्हर्लीन, केवढं धैर्य लागतं याला. याला म्हणतात भगिनीभाव." व्हर्लीनला वाटलं, हिला दूर ढकलावं. पण हात उचलेना. शिव्या खायच्या तयारीने ती आली होती. टाळ्यांची तयारी तिने केली नव्हती.

डेलोइस एकटीच बसून होती. काठी गुडघ्यांत धरून ती मोठ्याने म्हणाली, "टाळ्या कशाच्या वाजवताय गं? रुबीनेल कुठे आहे ऐकायला?" शेजारच्या बाईने तिला थोपटलं, म्हाताऱ्यांना थोपटतात तसं.

टॅमरिनला उत्साह आवरेना. ती माइकवर म्हणाली, की शंभराव्या वर्षी याहून चांगलं काय घडणार, आपण मिस ओझेलाला आत्ताच्या आत्ता मानद सोरोर करून घेऊ, कुणाची हरकत आहे का? कुणाचीच नव्हती. सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. ओझेला तिथे उभी होती, ॲप्रनला हात पुसत.

"बेबी, मन चांगलं आहे तुझं," ती म्हणाली. "पण तो दरवाजा उघडणारी तू नाहीस, आणि मला आत यायचं होतं ते तुमच्यात नाही. त्या तिघींच्यात. आता दोघीच उरल्यात, आणि त्यातली एक ही अशी. चला, जेवायला या, गार होतंय."

लोक जेवले. कोंबडी उत्तम झाली होती, असं सगळे म्हणाले. व्हर्लीनने पिन घेतली नाही, टेबलावर डबीतच राहू दिली. टॅमरिनने ती घरी पाठवून दिली. ओझेलाने भांडी गाडीत भरली आणि जाताना चर्चच्या सेवकाला सांगून गेली, की पुढच्या वर्षी दुसरं कुणी बघा.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना चुकवून व्हर्लीन दीड तास गाडी चालवत बर्मिंगहॅमला गेली. रुबीनेलची मुलगी शॅरोंडा तिथे बसच्या आगारात नोकरीला होती. दार उघडलं तेव्हा तिच्या अंगावर कामाचा निळा शर्ट होता. आईचं कपाळ, आईच्याच भुवया.

"मिस व्हर्लीन? सगळं ठीक ना गावात?"

"मी ओझेला पिकेटबद्दल बोलायला आले. ती तुझ्या आईशी का बोलत नव्हती, त्याबद्दल."

"ते मला ठाऊक आहे," शॅरोंडा म्हणाली. ती दारालाच टेकून उभी राहिली. "कुणीतरी चहाडी केली आणि आळ आईवर आला. आई त्या जेवणाहून आली की दोन दिवस गप्प असायची. मी म्हणायची, सांगून टाक ना ओझेलामावशीला, मी नाही म्हणून. तर म्हणायची, 'मार्व्हा मला अजून नाव विचारत होती, म्हणजे माझ्याआधी डेलोइसने सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, ती मी नव्हे, की मागे एकच उरते. मग ते नाव घेतल्यासारखंच होतं. रांगेत नाव घेत नाहीत.' मला राग यायचा. म्हटलं, पन्नास वर्षं? कसली रांग घेऊन बसलीस? एकदा तर ती त्या बाईपाशी जाऊन तिला सांगायची संधीही देऊन आली. पोरांची सहल घेऊन गेली होती म्हणे. त्या बाईने काही कबूल केलं नाही. आई आली, आणि म्हणाली, 'घाबरलेली आहे बिचारी अजून.'"

व्हर्लीनने दाराच्या चौकटीला हात लावला. रस्त्यावरून एक बस गेली. शॅरोंडाने सवयीने तिचा नंबर पाहिला आणि परत हिच्याकडे वळली.

"नाव मात्र मला शेवटपर्यंत सांगितलं नाही तिने. हॉस्पिटलमध्ये विचारलं तरी नाही. रांगेत कोण कोण होत्या, तेही नाही. तुम्ही मंडळातल्या, तुम्हाला ठाऊक असेल. कोण होती ती?"

व्हर्लीनने सांगितलं.

शॅरोंडा आत या म्हणाली नाही. दारही लावलं नाही.